मदत हवी आहे : मार्शल टकर बँडचं १९८० नंतरचं काय ऐकावं?

मंडळी, महिनाभर मार्शल टकर बँडने झपाटलंय. साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गची ही पोरं. पहिला अल्बम १९७३ चा, जॉर्जियातल्या मेकनच्या कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्सचा. (मार्शल टकर नावाचं बँडमध्ये कुणीच नाही! तो तिथला एक अंध पियानो ट्यूनर. तालमीच्या जागेच्या किल्लीवर त्याचं नाव होतं, तेच उचललं.)

सदर्न रॉक (अमेरिकेच्या दक्षिणेकडचं रॉक, हा बँड त्यातलाच) म्हणजे नुसता गिटारींचा गदारोळ असं वाटायचं. पण त्यांच्या ‘कान्ट यू सी’ गाण्याच्या सुरुवातीला जेरी युबँक्सची बासरी अशी काही येते की मी चहा गॅसवर विसरलो. गिटारिस्ट टॉय कॉल्डवेल तर पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) न घेता नुसत्या अंगठ्याने लीड, म्हणजे गिटारची मुख्य सुरावट, वाजवायचा.

१९७७ च्या ‘कॅरोलायना ड्रीम्स’ अल्बमपर्यंत सगळं ऐकून झालं. १९८० मध्ये टॉयचा भाऊ, बँडचा बेस गिटार वाजवणारा टॉमी अपघातात गेला. पुढे काही वर्षांनी टॉयनेही बँड सोडला. गायक डग ग्रे मात्र तेच नाव घेऊन गात राहिला.

तर टॉमीनंतरचं नेमकं कुठून सुरू करू? तोच दम आहे का त्यात, की नुसतं नाव उरलंय? आणि अंगठ्याने लीड वाजवणारं कुणी असेल तर सांगा, माझ्या अंगठ्याला फोड आलाय. पद्धत चुकतेय का?