जुना ७३ इंची डीएलपी रिअर-प्रोजेक्शन टीव्ही: बघायला जाताना काय तपासावं?

डॅलसकर: मित्सुबिशीचा डब्ल्यूडी-७३७३७ (२००९, १०८०पी डीएलपी, म्हणजे आतल्या दिव्याने आणि आरशांच्या चिपने मागून पडद्यावर चित्र पाडणारा) इथे जवळच १०० डॉलरला विकायला आहे. सोफ्यापासून भिंत ११ फूट, खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी. चालू करून काय काय पाहू? दिवा घरी बदलता येतो का?

काळा_पडदा: तुम्ही पोचेपर्यंत संच बंदच ठेवायला सांगा. थंड संच चालू होताना दिवा पहिल्याच प्रयत्नात पेटायला हवा. तो दोनतीनदा प्रयत्न करून पेटला, तर दिवा तरी संपत आलाय किंवा त्याचा बॅलास्ट (दिवा पेटवून त्याला वीज पुरवणारा भाग).

लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल घेऊन जा. आधी पूर्ण काळं चित्र लावा. पांढरे ठिपके दिसले तर डीएमडी, म्हणजे चित्र बनवणाऱ्या चिपवरचे सूक्ष्म आरसे अडकलेत. एक ठिपका दिसला की मागोमाग आणखी येतात, कारण चिप उष्णतेने खराब होत असते. या चिपमध्ये एक आरसा दोन पिक्सेल काढतो, त्यामुळे ठिपकाही ठळक दिसतो. मग पूर्ण पांढरं चित्र लावा. कडेला काळपट डाग असेल तर आत धूळ आहे किंवा पडद्याला ओल लागली आहे. आवाज शून्य करून मागे कान लावा. किणकिण किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर कलर व्हीलचं (रंग देणाऱ्या फिरत्या चकतीचं) बेअरिंग जातंय.

निदान ४५ मिनिटं चालू ठेवा. पंखे धुळीने भरले असतील तर दोष तापल्यावरच कळतो. ठिपके असतील तर फुकटातही घेऊ नका. चिप मिळते, पण अख्खं लाइट इंजिन (चिप, भिंगं आणि कलर व्हील असलेला भाग) बाहेर काढावं लागतं.

स्क्रूड्रायव्हर: दिवा घरी सहज बदलतो. प्लग काढून तासभर थांबा. दिव्याचं झाकण उघडा, स्क्रू सैल करा आणि हँडल धरून दिव्याची कॅसेट (बल्ब आणि त्याची चौकट) सरळ ओढा. काचेला बोट लावू नका. तेलकट डाग तापून काच तडकते. झाकण घट्ट बसवा, नाहीतर सुरक्षा स्विच दाबला जात नाही आणि संच चालूच होत नाही.

भाग क्रमांक जुन्या कॅसेटवरच्या लेबलवरून घ्या. आतला बल्ब फिलिप्स किंवा ऑसरामचा आहे ना, विक्रेत्याला स्पष्ट विचारा. स्वस्त नकली बल्ब लवकर मंदावतात, कधी फुटतातही. फुटला तर आत पारा असतो: खिडक्या उघडा, व्हॅक्यूम लावू नका.

काळा_पडदा: संच उभाच न्या, आडवा ठेवला तर पडदा वाकतो. लॅपटॉप जोडलेल्या इनपुटला ‘पीसी’ नाव द्या, म्हणजे कडा कापल्या जाणार नाहीत. चित्र ‘नॅचरल’ मोडवर, दिवा ‘स्टँडर्ड’वर ठेवा.

सोफ्यावरून: ७३ इंचाला १०८०पीचे बारकावे साधारण साडेनऊ फुटांपर्यंत कळतात, आणि संचाची जाडी धरता चित्र ११ फुटांहून जवळच येईल, तेव्हा ठीक. मला काळजी खिडकीची वाटते. दुपारी पडदे ओढले नाहीत तर काळ्याचा करडा होईल. उभं राहूनही बघा, चित्र चटकन मंद होतं. हा संच बसून बघायचा. काळ्यावर पांढरी अक्षरं असताना नजर झर्रकन फिरवा. लाल-हिरव्या-निळ्या चमका दिसल्या तर त्या रोज दिसतील, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना दाखवूनच घ्या.

डॅलसकर: पुढे पुण्याला न्यायचा विचार केला तर?

स्क्रूड्रायव्हर: नका नेऊ. तो अमेरिकेतल्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनवलेला; पुण्यातला सेटटॉप बॉक्स ५० हर्ट्झचं चित्र देतो, आणि दिवा प्रत्येक वेळी बाहेरून मागवावा लागेल.