केस सुरू असताना राज्य सोडलंत? तुमचं कसं झालं, लिहा

माझी घटस्फोटाची केस धुळ्याच्या कोर्टात आहे. मुलगी सहा वर्षांची. सुरतेत साड्यांच्या दुकानात हिशेबाचं काम मिळतंय, मावशीचं घर आहे. पण काका म्हणतात, आत्ता गेलीस तर ‘पोरीला घेऊन पळाली’ असं सासरचे कोर्टात लिहून देतील. खान्देशातून गुजरातेत किंवा एमपीत गेलेल्यांनी सांगा. महिनाअखेरीस मला दुकानात कळवायचंय.

रावेरहून बऱ्हाणपूर

ताई, माझं माहेरच बऱ्हाणपूरचं. रावेरहून गाडीत बसलं की आलंच, पण राज्य वेगळं. नवऱ्याने जळगावला केस टाकली. ती इकडे आणायची तर दोन राज्यांचा मामला, म्हणून अर्ज थेट सुप्रीम कोर्टात. दिल्लीचं नाव ऐकून आबा जेवणावरून उठले. मग वकीलबाईंनी सांगितलं, पोटगीचा अर्ज बायको राहते तिथेही चालतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 144. तो मी इथे केला. घटस्फोटाच्या तारखांना मी जळगावला जाते, पोटगीच्या तारखांना त्याला इकडे यावं लागतं.

शिरपूरहून इंदूर

मी पुरुष आहे, तरी लिहितो. बायको केस टाकणार हे कानावर होतं. सेंधवा ओलांडलं आणि वाटलं, सुटलो. नवा पत्ता कुणालाच दिला नाही. समन्स माझ्या हातात पडलंच नाही, निकाल एकतर्फी लागला. चुलतभावाने मोबाईलवर केस शोधली तेव्हा कळलं. कळल्यापासून 30 दिवसांच्या आत निकाल रद्द करायचा अर्ज दिला म्हणून निभावलं. ताई, जा, पण जायच्या आधी वकिलाकडून नव्या पत्त्याची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात द्या आणि पोच जपून ठेवा.

नंदुरबारहून वडोदरा

आमची दोघांच्या संमतीची. सहा महिन्यांची थांबायची मुदत कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलंय. आम्ही आधीच दोन वर्षं वेगळे होतो, त्यामुळे माफ झाली. दोन फेऱ्यांत काम झालं.

अमळनेरहून उधना

तुझ्यासारखंच होतं माझं, म्हणून जरा सविस्तर. मुलगा पाच वर्षांचा. त्याला न्यायच्या आधीच मी कोर्टात अर्ज दिला: शाळा कोणती, घर कुणाचं, मी कामावर गेल्यावर सांभाळणार कोण. जजसाहेबांनी ते सगळं वाचलं आणि एकच विचारलं, “वडिलांना कधी भेटवणार?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढची तारीख पडली. त्या महिन्यात मी रडून घेतलं. निघताना आबा म्हणाले, “तू जाय पोरी, आठलं मी देखसू.”

भेटीची जागा शेवटी नवापूर ठरली. त्याचे वडील नंदुरबारला, आम्ही उधन्याला, दोघांनाही एकाच गाडीमार्गावर. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि बरोबर हद्दीवर एक बाक आहे. महिन्यातून दोन रविवार आम्ही तिथे जातो. पहिल्यांदा मुलगा बाकाच्या मधोमध बसला आणि त्याने दोघांना दोन्ही बाजूंना बसवलं. मी डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा नेला होता. त्याने तोडून अर्धी भाकर वडिलांना दिली. मी काही बोलले नाही, पण आता प्रत्येक वेळी दोन भाकरी जास्त टाकते.