मदत हवी आहे: लाँगलीफ पाइनच्या रानात ठरवून आग लावण्याबद्दल

नमस्कार मंडळी, उत्तर फ्लोरिडात आमचं लाँगलीफ पाइनचं (लांब सुयांसारखी पानं असलेल्या पाइन झाडांचं) जुनं रान आहे. बरीच वर्षं तिथे आग फिरलेली नाही. येत्या हिवाळ्यात प्रमाणित बर्न मॅनेजरकडून (ठरवून आग लावण्याचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडून) ते जाळून घ्यायचा विचार आहे.

फायदा मला पटलाय. या झाडाचं बी उघड्या मातीवरच नीट रुजतं, आणि लहान रोप काही वर्षं गवताच्या झुबक्यासारखं राहून आगीतून तगतं. आग थांबली की ओक माजतात, वायरग्रास (झाडांखाली वाढणारं गवत) गुदमरतं, साचलेला पाला मोठ्या वणव्याची सोय करून ठेवतो.

धास्ती आहे ती म्हाताऱ्या झाडांची. त्यांच्या बुंध्याशी कुजक्या सुयांचा जाड थर साचलाय. ज्वाळा पुढे गेल्या तरी तो धुमसत राहतो, त्यात शिरलेली बारीक मुळं जळतात आणि वरून धडधाकट दिसणारं झाड नंतर मरतं. ही झाडं गेली तर मला फार लागेल.

थर ओला असताना जाळावं हे कळलं, पण तो आतपर्यंत ओला आहे हे कसं तपासता? बुंध्याभोवतीचा थर आधी दाताळ्याने ओढून काढावा का? आणि रात्री धूर धुक्यात मिसळून रस्त्यावर उतरू नये म्हणून आग किती वाजेपर्यंत आटोपता? जॉर्जिया, अलाबामाकडे कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.