४६ टाक्या, एक पीएलसी आणि एमएसजीचा एरर ०३०१. कार्ड बदलू का?

टाकीवाला:
नमस्कार मंडळी. पाणीपुरवठा योजनेचं चालू काम अंगावर आलंय. मुख्य केंद्रावर कंट्रोललॉजिक्स एल७१ पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक), ईएन२टी नेटवर्क कार्ड. तालुकाभर ४६ पंपहाऊस आणि टाक्या, प्रत्येक ठिकाणी छोटा कॉम्पॅक्टलॉजिक्स पीएलसी, सगळं रेडिओवरून. वाचायचं फार नाही: पातळी, पंप चालू की बंद, फ्लोमीटरचा आकडा.

आधीच्या माणसाने ४६ एमएसजी (दुसऱ्या पीएलसीकडून आकडे मागवणारे निरोप) लिहिलेत आणि सगळे एकाच ५ सेकंदांच्या टायमरच्या डीएन (‘झालं’) बिटावर. १२ टाक्या होत्या तोवर निभावलं. आता रोज वेगळीच कुठलीतरी टाकी स्क्रीनवर गोठते. ईआर (एरर) बिट लागतो, एक्स्टेंडेड एरर ०३०१, अधूनमधून ०२०४. कॅश कनेक्शनची (जोडणी उघडीच ठेवण्याची) टिक सगळीकडे काढलेली आहे, का ते देव जाणे. साहेब म्हणतात नवा पीएलसी घ्या. काय करू?

लॅडरभाऊ:
कार्डाचा काही दोष नाही. ०३०१ म्हणजे बफर (निरोप तात्पुरता ठेवायची जागा) शिल्लक नाही. बाहेर जाणारे अनकनेक्टेड (जोडणी उघडी नसताना लागणारे) बफर मुळात १० असतात, ते ४० पर्यंत वाढवता येतात. त्यासाठी पीएलसीने सीआयपी जेनेरिक प्रकारचा एमएसजी स्वतःलाच पाठवायचा, पाथमध्ये (पत्त्यात) आपलाच स्लॉट, आणि पहिल्या स्कॅनला (प्रोग्रामच्या पहिल्या आवर्तनाला) चालवायचा. आमच्याकडे दोन वर्षं बिनतक्रार चालू आहे.

रात्रपाळी:
भाऊ, ४० केले तरी ४६ ना पुरत नाहीत हो! वाढवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

टाकीवाले, एमएसजी चालू झाला की आधी रांगेत शिरतो. ही रांग १६ जणांची. शिरला की ईडब्ल्यू (‘रांगेत आहे’) बिट लागतो. जागा नसेल तर दर स्कॅनला पुन्हा प्रयत्न करतो, एरर देत नाही. म्हणजे रांग भरली तर उशीर होतो, एवढंच. गोम पुढे आहे. रांगेतून निघताना त्याला बफर लागतो, आणि त्या क्षणी दहाच्या दहा अडकलेले असतील तर तो थांबत नाही, तिथेच मरतो. हा तुमचा ०३०१. ज्याला बफर मिळाला नाही तो गेला, म्हणून रोज वेगळी टाकी.

आता बफर अडकतात कशाने? एखाद्या पंपहाऊसची लाइट गेली की त्याचा एमएसजी उत्तराची वाट बघत बसतो, आणि मुळातली मुदत आहे ३० सेकंद. तो ०२०४. तुमचा टायमर ५ सेकंदांचा! चार-पाच ठिकाणची लाइट गेली की निम्मे बफर अर्धा मिनिट ओलीस.

टायमर काढून टाका. आठ-आठचे गट करा. गटातल्या आठही जणांचा डीएन किंवा ईआर आला की मगच पुढचा गट. ईआर विसरू नका, नाहीतर एक मेलेली टाकी सगळी फेरी अडवेल. मग एमएसजीच्या टॅगमधला अनकनेक्टेड टाइमआउट ३ सेकंदांवर आणा. तो आकडा मायक्रोसेकंदांत असतो, म्हणजे ३००००००. शून्यं मोजून टाका. मी एकदा रात्री दोनला ३००० टाकले होते, म्हणजे ३ मिलिसेकंद. सकाळपर्यंत सगळी स्क्रीन लाल.

कॅशची टिक मात्र विचार करून मारा. एल७१ वर ३२ कनेक्शनच कॅशमध्ये राहतात, सरसकट ४६ ना मारून उपयोग नाही. महत्त्वाच्या वीस-पंचवीस ठिकाणांना मारा, बाकीच्यांचं कनेक्शन दर वेळी उघडू-मिटू दे. उघडतानाही अनकनेक्टेड बफरच लागतो, म्हणून गट छोटा. आणि कॅशवाल्यांच्या मुदतीचा हिशेब वेगळा: कनेक्शन रेट साडेसात सेकंद गुणिले चार, तेही ३०च. तोही कमी करा.

चाकणकर:
प्रोड्यूस-कन्झ्यूम (न मागता ठरलेल्या वेगाने आकडे पाठवत राहणं) का नाही करत? एमएसजीची कटकटच नाही.

रात्रपाळी:
कारखान्यात, तारेवर, दोन पीएलसींमध्ये उत्तम. इथे रेडिओ आहे साहेब. ४६ कनेक्शनं सतत ठरलेल्या वेगाने धावणार, जरा पाऊस आला की तुटणार, पुन्हा जोडणार. पाण्याच्या टाकीला इतकी घाई कशाला?

चाकणकर:
बरोबर, रेडिओ वाचलंच नव्हतं. मग ५५८० (कंट्रोललॉजिक्सची नवी पिढी) घेतला तर? त्याची कॅश २५६ ची आहे.

रात्रपाळी:
आहे की. ओव्हरहेड टाइम स्लाइसची (निरोपांसाठी प्रोग्रामचा वेळ राखून ठेवण्याची) भानगडही त्यात नाही. पण त्याच टायमरवर ४६ एमएसजी सोडले तर नव्या डब्यात जुनंच भांडण. आधी लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम) सुधारा, मग साहेबांना कोटेशन द्या.

टाकीवाला:
आठ दिवसांनी लिहितोय. गट केले, मुदत ३ सेकंद केली, २४ ठिकाणांना कॅश दिली. बफर १० च ठेवलेत. पूर्ण फेरीला साधारण ११ सेकंद लागतात. तेवढ्यात पातळी काय हलणार. ०३०१ एकदाही नाही.

फक्त ३१ नंबर दर फेरीला ईआर देत होता. पाथ उघडून बघितला तर आयपी मागच्या वर्षी पाडलेल्या टाकीचा. तिथे पीएलसी सोडा, भिंतसुद्धा नाही. म्हणजे इतके महिने दहातला एक बफर तिच्याच नावावर होता.