कापडाचं गोदाम राजवाड्यासारखं कशाला बांधायचं?

धरमपेठकर: मंडळी, मँचेस्टरच्या पोर्टलँड स्ट्रीटवरच्या वॉट्स वेअरहाऊसचे फोटो पाहून राहिलो कालपासून. 1856 चं कापडाचं गोदाम, आता तिथे हॉटेल आहे. प्रत्येक मजल्याची शैली वेगळी, कुठे इटालियन, कुठे एलिझाबेथन, कुठे फ्लेमिश, आणि वर चार बुरूज, त्यात चाकासारख्या गोल खिडक्या! आपल्याकडे नागपूरच्या इतवारीत गोदाम म्हटलं की शटर, पत्रे आणि दारात हातगाड्या. मग तिथे एवढी नक्षी काहून केली असेल?

नकाशावाला: भाऊ, ते नुसतं माल ठेवायचं गोदाम नव्हतंच, ठोक कापडाची पेढी होती ती. गावोगावचे दुकानदार यायचे, थान उलगडून पाहायचे, सौदा तिथेच व्हायचा, त्यामुळे पार्टी दारात आल्याबरोबर तिला पेढीची ऐपत दिसली पाहिजे. म्हणून इटलीतल्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांची धाटणी उचलली. ही फॅशन मँचेस्टरात आणली वास्तुविशारद चार्ल्स बॅरीने, 1837 च्या अथेनियम इमारतीपासून. आणि अशा गोदामांच्या मोठ्या खिडक्या शोभेसाठी नाहीत बरं का. कापडाची वीण आणि रंग दिवसाउजेडीच कळतो, आणि तिथलं आभाळ तेव्हा कायम धुराने काळं. अशा गोदामांत तळघरात हायड्रॉलिक प्रेसवर कापड दाबून गाठी बांधायचे, तिथून माल मागच्या गल्लीतून बाहेर. म्हणजे गिऱ्हाईक पुढून, गाठी मागून.

बीड_आणि_वीट: आतला सांगाडाही पहा. त्या काळच्या गोदामांत बिडाचे (ओतीव लोखंडाचे) बारीक खांब असतात, जागा कमी खातात आणि वरून कितीही वजन येऊ द्या, पेलतात. लिव्हरपूल बंदरातली अल्बर्ट डॉक ही गोदी घ्या, 1846 ची, तिथे इंजिनिअर जेसी हार्टलीने तर बांधणीत लाकूडच ठेवलं नाही, सगळं वीट, दगड आणि लोखंड, कारण कापूस पेटला की अख्खं गोदाम जायचं. पण बिडाची गोम अशी की ते ताण सोसत नाही, आणि आगीत तापलेल्या खांबावर गार पाणी पडलं तर तडकतं.

गांधीसागर_काठ: आपल्या वऱ्हाड-नागपूरचा कापूसही इंग्लंडात जायचाच की. 1867 ला रेल्वे नागपूरला आली, मग गाठी थेट मुंबई बंदरात. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी इथेच एम्प्रेस मिल सुरू केली. मँचेस्टरवाल्यांचं गोदाम हॉटेल होऊन का होईना उभं आहे, आपल्या मिलच्या जागी मॉल झाला, याचं फार वाईट वाटतं राजेहो.

नकाशावाला: खरं आहे. @धरमपेठकर, मागच्या बाजूचा फोटो मिळाला तर टाका ना. अशा इमारतींची मागची भिंत बहुतेक साध्या विटांची असते, गोदाम म्हणून काम कसं चालायचं ते तिथे जास्त कळतं.