वाईन शॉपच्या काउंटरवर वय तपासायचे तर कोणते ओळखपत्र मागावे?

प्रश्न : धरमपेठकर

सप्रेम नमस्कार. नागपुरात आमच्या कुटुंबाचे परवानाधारक वाईन शॉप आहे आणि काकांची प्रकृती बरी नसल्याने दिवाळीपासून गल्ल्यावर मी बसतो. बिअरसाठी 21 आणि व्हिस्की, रम, व्होडका यांसारख्या कडक मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात, हे आम्ही फलकावर लिहिले आहे. अडचण अशी की दोन्ही एकाच काउंटरवरून विकले जाते, आणि तेवीस वर्षांच्या मुलाला बिअर द्यायची पण रमची क्वार्टर नाकारायची, हे मागे रांग खोळंबलेली असताना समजावून सांगणे आमच्या सेल्समनच्या जिवावर येते. ओळखपत्र मागितले तर कुणी मोबाईलमधला आधारचा फोटो दाखवतो, कुणी कॉलेजचे कार्ड पुढे करतो, आणि चाळिशीतला एखादा गृहस्थ ‘मी काय पोरगा दिसतो का?’ म्हणून चिडतो. कोणते ओळखपत्र ग्राह्य धरावे, ते कुणाकडे मागावे आणि त्याची झेरॉक्स ठेवावी का?

उत्तर : निवृत्त निरीक्षक

आपण ओळखपत्रापासून सुरुवात केलीत, मी परमिटपासून करतो. आपला कायदा 1949 चा दारूबंदी अधिनियम आहे, म्हणजे नावाप्रमाणेच त्याचे मूळ गृहीतक बंदीचे आहे, आणि मद्य विकत घेणे, बाळगणे व पिणे ही परवान्याने मिळणारी सूट आहे. त्यामुळे ग्राहकाकडे परमिट असणे अपेक्षित असते. विदेशी मद्याचे एका दिवसाचे परमिट 5 रुपयांना, वर्षाचे 100 रुपयांना आणि आजीवन परमिट 1000 रुपयांना मिळते. एका दिवसाचे परमिट दुकानातच देतात, म्हणजे ग्राहक कोण आणि किती वयाचा हे पाहण्याची जागा कायद्याने आधीच नेमून दिलेली आहे. प्रत्यक्षात काय होते ते या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: ग्राहक बाटली घेऊन निघून जातो आणि परमिटची पुस्तके रात्री हिशेब जुळवताना कुणाच्याही नावाने भरली जातात. ही सवय मोडल्याशिवाय ओळखपत्राची चर्चा वरवरची राहील, असे माझे स्पष्ट मत आहे. परमिट ग्राहकासमोर, त्याच्या ओळखपत्रावरची जन्मतारीख पाहून लिहिले, तर तपासणी आपोआप होते आणि उद्या तक्रार झाली तर आपल्याजवळ दाखवायला काही तरी असते. वय न पाहता विक्री केल्याचे सिद्ध झाले तर परवाना निलंबित किंवा रद्दही होऊ शकतो, आणि ‘सेल्समनने दिले, मला माहीत नव्हते’ हे उत्तर तिथे चालत नाही, कारण त्याच्या नोकरनाम्यासाठी, म्हणजे दुकानात काम करण्याच्या अधिकृत परवानगीसाठी, अर्ज आपणच केलेला असतो. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन मुलाला मद्य दिल्याबद्दल बारच्या मालक-व्यवस्थापकांना अटक झाली होती, हे आपल्या स्मरणात असेलच.

उत्तर : हिंगणा टी-पॉइंट

कार्डांविषयी थोडे लिहितो. आपल्याला फक्त दोन गोष्टी हव्यात, छायाचित्र आणि पूर्ण जन्मतारीख, आणि कॉलेजच्या ओळखपत्रावर जन्मतारीख असतेच असे नाही, म्हणून ते बाजूला ठेवावे. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र हातात असणे म्हणजे वय पुरेसे असणे नव्हे, कारण ही दोन्ही अठराव्या वर्षी मिळतात आणि आपल्याला 21 किंवा 25 मोजायचे आहेत. माझ्या मते पॅन कार्ड सर्वांत सोयीचे, कारण त्यावर छायाचित्र आणि जन्मतारीख असते पण पत्ता नसतो.

आधारबाबत सावध राहावे. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खासगी व्यावसायिकाला ‘आधारच दाखवा’ अशी सक्ती करता येत नाही, शिवाय काही जुन्या आधार कार्डांवर केवळ जन्मवर्ष छापलेले असते, ज्यावरून पंचविसावा वाढदिवस होऊन गेला की यायचा आहे ते कळत नाही. मोबाईलमधला फोटो तर घरबसल्या बदलता येतो, म्हणून ग्राहकाला डिजिलॉकर आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगावे. झेरॉक्स मात्र अजिबात ठेवू नये. दारूच्या दुकानात शेकडो लोकांच्या ओळखपत्रांचा गठ्ठा पडून राहणे ही ग्राहकापेक्षा आपल्याच डोक्याला जास्त कटकट आहे.

उत्तर : मानेवाडा रोड

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण त्यांत एक पळवाट सुटलेली दिसते. मुले स्वतः येतच नाहीत, दुकानाबाहेर उभ्या असलेल्या ऑटोवाल्याला किंवा वरच्या वर्गातल्या एखाद्या दादाला पैसे देऊन बाटली मागवतात. अशा वेळी काउंटरवरचे ओळखपत्र खरेच असते आणि दारू मात्र अठरा वर्षांच्या हातात जाते. मग या तपासणीने नेमके काय साधले, हे मला कुणी सांगावे. दुसरे असे की चाळिशीच्या माणसाला कार्ड मागणे हा मला निव्वळ देखावा वाटतो.

उत्तर : निवृत्त निरीक्षक

ताई, ऑटोवाल्याची पळवाट पूर्णपणे बुजवता येणार नाही, हे मान्य. पण मुलांचा घोळका समोर उभा आहे, त्यांतला एक जण सर्वांकडून पैसे गोळा करून पुढे येतो आहे, हे दिसत असताना विक्री नाकारण्याचा अधिकार दुकानदाराला आहे आणि तो त्याने वापरला पाहिजे.

कुणाला विचारावे याबाबत ब्रिटनमधली पद्धत उपयोगी आहे. तिथे कायद्याचे वय 18 आहे, पण जो पंचविशीच्या आतला दिसतो त्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याची प्रथा अनेक दुकानांनी स्वीकारली आहे, कारण चेहऱ्यावरून वय ओळखताना चार-पाच वर्षांची चूक सहज होते. आपल्याकडे मर्यादाच 25 आहे, तेव्हा तिशीच्या आतला वाटेल त्याला विचारावे. चाळिशीतल्या गृहस्थांना सोडून द्यावे.

आणखी एक गोष्ट नागपूरपुरती. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा असल्याने काही सेल्समन कार्डावर वर्ध्याचा पत्ता दिसला की ग्राहकाला परत पाठवतात. ते चुकीचे आहे. माल तिकडे वाहून नेणे हा गुन्हा आहे, तिथला रहिवासी असणे हा नव्हे.

उत्तर : धरमपेठकर

सर्वांचे आभार. काउंटरच्या वर एक पाटी लावण्याचे ठरवले आहे, जिच्यावर रोज सकाळी दोन तारखा बदलल्या जातील: बिअरसाठी आजपासून बरोबर 21 वर्षांपूर्वीची आणि कडक मद्यासाठी 25 वर्षांपूर्वीची. त्या तारखेला किंवा तिच्या आधी जन्मलेल्यालाच माल मिळेल, म्हणजे सेल्समनला वजाबाकी करावी लागणार नाही आणि वाद झालाच तर तो पाटीकडे बोट दाखवू शकेल. परमिटचे पुस्तकही गल्ल्यावरून उचलून काउंटरवर ठेवतो आहे. हिवाळी अधिवेशनाच्या आणि 31 डिसेंबरच्या गर्दीत हे कितपत जमेल याची धास्ती आहे, म्हणून त्या दिवसांत केवळ कार्डे पाहण्यासाठी एक माणूस रांगेच्या तोंडाशी उभा करावा असा विचार आहे. त्याच्यासाठी वेगळा नोकरनामा घ्यावा लागेल का, एवढे निरीक्षकसाहेबांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त निरीक्षक

घेऊनच ठेवा. तो बाटलीला हात लावणार नसला तरी दुकानात काम करताना दिसणारच आहे, आणि तपासणीला आलेला अधिकारी पहिल्यांदा तेच विचारेल.