मध्य प्रदेशात सामाजिक संस्था किती? आणि मोजायचं तरी काय?

राजेंद्रनगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलंय. त्यात आपल्या प्रांतातल्या संस्थांवर एक लेख लिहायचा आहे. मागच्या बैठकीला पुण्याचे एक पाहुणे होते. ते म्हणाले, "संस्था बघायच्या तर महाराष्ट्रात. तुमच्याकडे सगळं सरकारच करतं." मला ते मुळीच पटलं नाही, पण उत्तर द्यायला हाताशी आकडा नव्हता. नेटवर शोधलं तर जितकी पानं तितके आकडे.

शिवाय मोजायचं काय, इथेच मी अडलोय. खंडवा रोडवरचा कस्तुरबाग्रामचा ट्रस्ट, अहिल्याबाईंच्या देवळांचा नि घाटांचा 'खासगी ट्रस्ट' (हे नावच आहे), कपडा मार्केटच्या व्यापाऱ्यांची श्री वैष्णव शाळा-कॉलेजं, आमचं दोन खोल्यांचं वाचनालय आणि आमच्याच गल्लीतलं भजनी मंडळ, ज्याचं पंजीयन (नोंदणी) कुठेही नाही. हे सगळं एका यादीत कसं बसवू? जाणकारांनी सांगावं.

निमाडी

काका, राज्याचा खात्रीचा आकडा माझ्याजवळ नाही, देशाचा आहे. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००८ पर्यंत पंजीयन झालेल्या संस्था मोजल्या, त्या ३१ लाखांच्या वर भरल्या. पण प्रत्यक्ष भेट द्यायला माणसं गेली तेव्हा त्यातल्या कितीतरी पत्त्यावर सापडल्याच नाहीत. राज्याचा आकडा मिळाला तरी तो याच जातीचा असेल हे धरून चाला. हिशोबनीस ताई इथे असतात, त्या जास्त सांगतील.

हिशोबनीस

काका, मी रामबागेजवळ एका सीएंच्या ऑफिसात आहे आणि माझ्या टेबलावर फक्त संस्थांचेच हिशोब येतात. थोडं सविस्तर लिहिते, कारण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

आधी तुमच्या पाहुण्यांचं बघू. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त आहेत. तिथली सोसायटी १८६० च्या कायद्यात नोंदली तरी सार्वजनिक न्यास म्हणून पुन्हा त्यांच्याकडे नोंदवावी लागते, त्यामुळे बहुतेक सगळं एका छताखाली दिसतं. आपल्याकडे तसं नाही. सोसायटी असेल तर १९७३ चा मध्य प्रदेशचा कायदा, किमान सात सभासद, फर्म्स अँड सोसायटीजचे पंजीयक भोपाळला आणि सहायक पंजीयक इथे इंदूरला. सार्वजनिक न्यास असेल तर १९५१ चा लोक न्यास कायदा. त्याचे पंजीयक म्हणजे कलेक्टर, आणि फाइल प्रत्यक्षात फिरते ती एसडीएमच्या (उपविभागीय अधिकाऱ्याच्या) ऑफिसात. कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी असेल तर कारभार थेट केंद्राच्या कंपनी खात्याकडे. या तिन्ही वह्या कोणी एकत्र मांडत नाही. म्हणून आपल्याकडे संस्था कमी दिसतात.

त्यातही वहीत नसलेलं बरंच आहे. तुम्ही 'खासगी ट्रस्ट'चं नाव घेतलंत. तो १९६२ चा. त्याला १९५१ चा कायदा लागू होतो की नाही याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये निकाल लागला की होतो, पंजीयन करा. म्हणजे अहिल्याबाईंचं एवढं मोठं दानधर्माचं काम इतकी वर्षं त्या वहीच्या बाहेरच होतं!

आता आकड्याबद्दल. पंजीयकाच्या वहीत जन्माची नोंद होते, मृत्यूची क्वचितच. निमाडींनी सांगितलेल्या त्याच मोजणीत दिसतं की १९७० पर्यंत देशात दीड लाखाच्या आत सोसायट्या होत्या आणि १९९१ ते २००० या एका दशकात ११ लाखांहून जास्त नोंदल्या गेल्या. या सगळ्या एकाएकी समाजसेवेच्या ओढीने निघाल्या असं मला वाटत नाही. खाजगी शाळा काढायची तर मागे बहुधा एक शिक्षण समिती, म्हणजे सोसायटी, लागते. सरकारी योजना संस्थांमार्फत राबवायला लागल्यावर योजनेपुरत्या संस्था निघाल्या आणि योजना संपल्यावर दप्तर माळ्यावर गेलं. २०१५ मध्ये सीबीआयने सर्वोच्च न्यायालयात जी माहिती दिली, तिच्यात हिशोब भरणाऱ्या संस्था दहा टक्क्यांहूनही कमी निघाल्या.

पण म्हणून बाकीच्या नव्वद टक्के बोगस, असं लेखात कृपा करून लिहू नका. पेपरात ते वाचलं की मला फार लागतं. माझ्याकडे एका वाचनालयाची फाइल आहे, अगदी तुमच्यासारखंच. जमेच्या बाजूला काय, तर सभासद वर्गणी, रद्दीची विक्री, कोणाच्या तरी वर्षश्राद्धाला आलेले ५०१ रुपये. खर्चाच्या बाजूला वर्तमानपत्रं, वीजबिल, झाडू-फिनेल. 'वेतन' या रकान्यात आडवी रेघ. रोज संध्याकाळी दोन आजी कुलूप उघडतात, पुस्तकांची नोंद करतात, मुलांना गोष्टी वाचून दाखवतात, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. पैशात मोजलं तर ती संस्था जवळजवळ शून्य. शंभर खाटांचं ट्रस्टचं हॉस्पिटल पैशात तिच्या हजारपट. संख्येत मात्र दोन्ही एकेकच. तेव्हा तुम्हाला आकार कशाचा सांगायचाय ते आधी ठरवा. संस्थांचा, पैशाचा, की माणसांच्या तासांचा? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतील.

याच वाचनालयाच्या सचिव बाई वारल्या. बँकेत सह्या बदलायला गेले तर बँकेने सोसायटी कायद्याच्या धारा २७ ची प्रमाणित यादी मागितली, म्हणजे नव्या कार्यकारिणीची. तीन वर्षं ती भरलेलीच नव्हती, कारण तेच ते सात जण पुन्हा निवडून येत होते आणि त्यात कळवायचं काय, असं त्यांना वाटत होतं. धारा २८ चा हिशोबही राहिलेला. खातं अडकलं. मागचं सगळं विलंब शुल्कासह भरायला गेलं तेव्हा ती रक्कम वर्षभराच्या वर्तमानपत्रांच्या बिलाहून जास्त निघाली. दोन्ही आजींनी आपल्या पेन्शनमधून भरली. हे वाचनालय त्या 'हिशोब न देणाऱ्यां'तच धरलं गेलं असणार. मोठ्या ट्रस्टकडे पगारी अकाउंटंट असतो, यांच्याकडे कोण? २०२१ पासून आयकर सवलतीचं पंजीयनही कायमचं राहिलं नाही, मुदतीने नवं करून घ्यावं लागतं. नियम सर्वांना सारखा दिसतो, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. तुमच्या लेखात एवढं आलं तरी मला पुष्कळ.

निमाडी

ताईंनी शहराचं सांगितलं, मी गावाकडचं जोडतो. काका, पाहुण्यांना होशंगाबादचं (आताचं नर्मदापुरम) सांगा. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. त्यातूनच १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था उभी राहिली. काम शेकडो शाळांपर्यंत पोचलं आणि २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं. 'सगळं सरकारच करतं' याला याहून चोख उत्तर नाही. देवास जिल्ह्यात बागलीकडे समाज प्रगती सहयोगचं पाण्याचं आणि बचत गटांचं काम आहे, तेही एकदा बघून या.

एक मात्र आहे. पैसा सगळीकडे सारखा पोचत नाही. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात, पण कायदाच म्हणतो की आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. पीथमपूरला कारखाने आहेत, अलीराजपूरला कुठून आणणार? परदेशी देणगीचं म्हणाल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसरीला त्यातून पैसे देणंच बंद झालं. पाड्यावरची छोटी मंडळी अशाच मोठ्या संस्थांच्या आधारावर उभी होती. मी त्यांच्यात राहिलोय म्हणून कळकळीने सांगतो, पंजीयकाच्या वहीत त्यांची नावं अजून असतील, पण तिथे शिकवणारी मुलगी आता सुरतेला कामाला गेलीय.

आणि नुसत्या सोसायट्याच मोजल्यात तर गावोगावचे बचत गटही सुटतील. त्यातल्या बहुतेकांचं पंजीयन नसतं.

राजेंद्रनगरकर (इंदूर)

दोघांचे मनापासून आभार. राज्याच्या एका आकड्याचा नाद सोडतो. त्याऐवजी आपल्या शहरातल्या निरनिराळ्या प्रकारच्या चार-पाच संस्थांचे जमाखर्च शेजारीशेजारी छापावे म्हणतो, त्यात बिनपगारी तासांचाही एक रकाना. ताई, दुसऱ्या संस्थेचे कागद आम्हाला बघायला मिळतात का?

हिशोबनीस

काका, फार छान. सोसायटीने जे पंजीयकाकडे भरलंय त्याच्या नकला शुल्क भरून मागता येतात, अर्जात संस्थेचा पंजीयन क्रमांक मात्र हवा. पण त्याआधी सरळ अध्यक्षांना फोन करा. छोट्या संस्थांना कोणी हिशोब विचारला की आनंदच होतो, ताळेबंद काढून चहासकट समोर ठेवतील. तासांचा रकाना त्यांच्याकडे तयार नसणार. हजेरीची वही असली तर ती मागा, नाहीतर कुलपाची किल्ली कोणाकडे असते ते विचारा आणि त्याच माणसाशी बोला. भजनी मंडळही घ्या, पंजीयन नसलं तरी.